फिरंगिणीचा दाखला

अम्मी, तुझं जन्मगाव विचारत एक माणूस घरी आला होता. बाजाराचा दिवस होता, मी अंगणात मेथी निवडत बसले होते, आणि दारात एक पांढरी गाडी येऊन थांबली. गाडी गुजरातकडची. उतरलेला माणूस चाळिशीचा, हातात प्लास्टिकची फाइल आणि पायात पांढरे बूट. दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी जो पांढरे बूट घालून येतो तो एक तर गावात पहिल्यांदा आलेला असतो किंवा त्याला पायी चालायचं नसतं. त्याने सलाम केला आणि मी कोण हे न विचारता सरळ तुझं नाव घेतलं. नुसतं तुझं नाही, तुझ्या वडिलांचंही. दमणला नदीच्या कुठल्या अंगाला तुमचं घर होतं, तुझे वडील होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, हे सगळं त्याला पाठ होतं. तू जाऊन वीस वर्षं होतील. मोहल्ल्यात आता तुझं खरं नाव ठाऊक असलेली दोन-तीन माणसं उरली असतील, बाकीच्यांना तू ‘फिटरची फिरंगीण’ म्हणूनच आठवतेस. अशा वेळी कोणी परका येऊन तुझं नाव अचूक घेतो तेव्हा मुलीला आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. मी आधी दाराच्या कडीकडे बघितलं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. एकसष्ट सालापर्यंत दमणवर पोर्तुगालचं राज्य होतं, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. पण त्या राज्यात जो जन्मला तो त्या देशाच्या लेखी अजूनही त्यांचाच माणूस, आणि त्याची मुलं-नातवंडंही त्यांचीच. तुझा जन्माचा दाखला तिकडे नेऊन नोंदवायचा, मग माझा, मग माझ्या मुलीचा. नोंद झाली की तिकडचं नागरिकत्व, तिकडचा पासपोर्ट, आणि मग युरोपात कुठेही राहा, कुठेही काम करा. दमण, दीव, गोव्याकडची कितीतरी घरं अशी गेली म्हणे. तुझ्या मामेभावाचा मुलगाही गेला, आपला पत्ता त्यानेच दिला. तू हयात नसलीस तरी चालतं म्हणाला. मला हसू आलं. जिवंतपणी तुझं नाव रेशनकार्डावर चढवायला अब्बांना किती खेटे घालावे लागले होते, आठवतं ना? आणि आता तू मेल्यावर समुद्रापलीकडचा एक अख्खा देश तुझी नोंद करून घ्यायला टपून बसला आहे.

तुला ठाऊक आहे मी कशी आहे ते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं काढली. फुकट गणवेश, फुकट पुस्तकं, फुकट खिचडी, सगळं या हातांनी वाटलं आहे. प्रत्येक फुकट वस्तूच्या मागे एक सही असते आणि सहीच्या मागे एक अट असते, एवढं मी त्यातून शिकले. म्हणून मी त्याला विचारलं, की बाबा, शेकडो वर्षं राज्य केलं, गेले, आणि आता एवढ्या वर्षांनी त्यांना असा पान्हा कशानं फुटला? तो म्हणाला, “कायदा तो पुराना है मांजी, पर अब बदल रहा है. जल्दी कीजिए. आपका हक है.” हक हा शब्द त्याने चार वेळा वापरला. मी विचारलं, त्यांना यात काय मिळतं? तेव्हा हसून म्हणाला, “वहाँ बूढ़े ज़्यादा हैं, काम करनेवाले कम.” आणि दोरीवर तुझ्या नातीचा दवाखान्याचा पांढरा ड्रेस वाळत होता, त्याच्याकडे त्याने एकदा पाहिलं. त्याचं ते पाहणं मी पाहिलं. त्यांना तुझी नात नको आहे, अम्मी, तिचे हात हवे आहेत. पैशाचं आत्ता काही बोलू नका म्हणाला, आणि मला तेच जास्त खटकलं.

जाता जाता त्याने एक गोष्ट अशी सांगितली, जशी लग्न ठरवणारा माणूस नवऱ्याचा लंगडा पाय सांगतो. “इधर का पासपोर्ट सिर्फ जमा करना पड़ता है.” सिर्फ. पोरं जेव्हा ‘बाई, मी फक्त बघत होतो’ म्हणायची तेव्हा मी आधी त्यांच्या मुठी उघडायला लावायची. मी इतक्या निवडणुकांना ड्युटी केली, मतदारांच्या बोटाला शाई लावली. तुझ्या बोटावरची शाई तू दोन-दोन दिवस भांडी घासताना जपायचीस. आता जर मी माझ्या सहीनं लिहून दिलं की माझी आई जन्मानं दुसऱ्या देशाची होती, तर मी कोण ठरते? आज कोणी विचारणार नाही कदाचित. उद्याचं कोण सांगावं? हल्ली कागद मागणारे वाढले आहेत, आणि आपल्या मोहल्ल्यात तर आजोबा-पणजोबांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, लागतील तसे वर-खाली लावून ठेवायची सवय घरोघरी लागली आहे. एका देशाचं दार उघडायला जावं आणि मागचं दार वाऱ्यानं लागून जावं, असं होऊ नये. मी ताकही फुंकून पिणारी बाई.

तुझ्या नातीला मात्र यातलं काही दिसेना. ती संध्याकाळी यवतमाळहून ड्युटी करून आली, हातपाय न धुता त्या माणसाचं छापील पत्रक उभ्या उभ्याच दोनदा वाचलं. सत्तावीस वर्षांची झाली आहे. तिच्याबरोबर शिकलेल्या दोघी केव्हाच परदेशात गेल्या, आणि ही अजून रोज जीपमध्ये चौथी म्हणून कोंबून घेऊन जाते आणि येते. माझ्यासाठीच ती इथून हलत नाही, हे मला कळतं आणि तिलाही ठाऊक आहे की मला कळतं. तिचे अब्बा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मला म्हणाली, “मम्मी, तू कायले इतकी डरून राह्यली? मी काही लपून नाही चालली. नानीच्या गावाचाच तं रस्ता हाये.” मी म्हटलं, नानीचं गाव दमण आहे, लिस्बन नाही. ती म्हणाली, “दोन वर्षं जाऊन पाहतो, मग तुले घेऊन जाईन.” घेऊन जाईन. या गावात अशा किती म्हाताऱ्या आहेत ज्यांना कोणीतरी घेऊन जाणार आहे! रोज चार वाजता ओट्यावर बसून त्या मोबाइलवर नातवंडांची तोंडं बघतात. हे मी तिला बोलले नाही. तिने विचारलं, “नानीचा तो कागद हाये ना आपल्याजवळ? पत्रकावरच्या नंबरवर फोन लावला तं तो माणूस म्हणते, तिथल्या रजिस्टरचं पान वाळवीनं खाल्लं, घरातला कागद लागते.” मी म्हटलं, कागद नाही. तुझ्या नानानं त्याचं पॅकिंग कापलं.

आता ती गोष्ट तुझीच आहे, आणि मी ती तिला तशीच सांगितली जशी मला आठवते. आपलं घर म्हणजे पुढे अब्बांचं वर्कशॉप आणि मागे तुझं स्वयंपाकघर, मध्ये पोत्याचा पडदा. पुढून डिझेलचा वास यायचा, मागून फोडणीचा. तू भाकरी थापताना पोर्तुगीज शाळेत दोन वर्षं शिकलेले आकडे पुटपुटायचीस, उम, दोइश, त्रेश, क्वात्रु. सातवर आलीस की थांबायचीस, कारण पुढचे तुला आठवायचे नाहीत, आणि तव्यावर आठवी भाकरी टाकताना तू आपली वऱ्हाडीवर यायचीस. आपल्या घरात हिंदी, गुजराती आणि वऱ्हाडीची खिचडीच होती, त्यात ते सात आकडे खड्यासारखे यायचे. नळावरच्या बायका त्यावरूनच तुला फिरंगीण म्हणू लागल्या. मी एकदा लाडात येऊन म्हटलं तर तू मला चिमट्याने मारलंस. म्हणालीस, “मी कुठीच गेली नाही. मी झोपली होती, सकाळी उठली तं सरकार गेलतं.” नदीपलीकडून दोन दिवस आवाज आले, तिसऱ्या दिवशी झेंडा बदललेला, आणि तुझ्या वडिलांनी त्याच दिवशी नेहमीप्रमाणे एका होडीचं इंजिन उघडलं. पुढच्या वर्षी अब्बा तिकडे बर्फाच्या कारखान्यात यंत्र बसवायला आले, आणि परतताना निकाह करून, एका जुन्या इंजिनबरोबर तुलाही इकडे घेऊन आले. निघताना तुझ्या वडिलांनी एक जाड, घडी केलेला कागद तुझ्या पेटीत टाकला. जांभळ्या शाईचा, मोठ्या गोल शिक्क्याचा, तुला न वाचता येणाऱ्या अक्षरांचा. जपून ठेव म्हणाले, यात तुझा जन्म आहे.

मग ते एकाहत्तरच्या लढाईचं वर्ष आलं. मी दुसरीत होते. लढाई आपल्यापासून लांब होती, पण एक दिवस एक शिपाई वही घेऊन मोहल्ल्यात आला, बाहेरून येऊन राहिलेल्यांची नावं लिहायला. घरोघरी विचारत होता, कोण कुठलं. अब्बा वर्कशॉपमध्ये एका पंपाचं इंजिन उघडून बसले होते, आणि ज्याचा पंप तो तांड्यावरचा एक म्हातारा शेतकरी शेजारी उकिडवा बसला होता, गहू सुकत चालला म्हणून घाईवर आलेला. तू पडद्यामागे होतीस. शिपायानं विचारलं, घरातली बाई कुठली? अब्बा काही बोलायच्या आत तू आतूनच बोललीस, “हियेचीच. दारव्ह्याची.” तुझा आवाज मला परका वाटला, इतका तो शुद्ध वऱ्हाडी होता. शिपायानं लिहून घेतलं आणि गेला. तो म्हातारा मात्र हसायला लागला. म्हणाला, “आमच्या पुरख्यायनं बैलायवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, फिटरभाऊ. कोनी नदीत जन्मलं, कोनी रस्त्यानं. त्या शिपायानं मले तांड्यात इचारलं तं मी सांगतलं, लिहा जन्मगाव बैल!” अब्बाही हसले. तू हसली नाहीस.

थोड्या वेळानं तू पुढे आलीस. तू वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईक असताना कधी येत नसायचीस, म्हणून मला ते पक्कं आठवतं. अब्बा पॅकिंगचा कागद शोधत होते, इंजिनच्या दोन लोखंडी भागांमध्ये बसवतात तो जाड कागद, म्हणजे तेल गळत नाही. तो संपला होता आणि दुकान बंद होतं. तू तो घडी केलेला दाखला ऐरणीवर ठेवलास. “ह्याचं काप,” म्हणालीस. “जाड हाये. तेल पिऊन घट्ट बसन.” अब्बा तुझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “अगं, हा तुझ्या बापानं...” तू म्हणालीस, “काप म्हणतो ना.” मग अब्बांनी कागद इंजिनच्या तोंडावर पसरला आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं ठोकायला सुरुवात केली. मिस्त्री लोक कात्रीनं पॅकिंग कापत नाहीत. लोखंडाच्या धारेवर कागद ठेवून हलके हलके ठोकत जातात, कागद आपोआप त्या आकारात तुटून पडतो. पहिल्या चार ठोक्यांचा आवाज ऐकून तू आत वळलीस, मलाही दंडाला धरून आत घेतलंस, आणि पीठ मळायला बसलीस. पुढून ठक ठक येत राहिली. त्या दिवशी तू आकडे म्हटले नाहीस. त्यानंतर कधीच म्हटले नाहीस. म्हाताऱ्याचा पंप चालू झाला, त्याचा गहू वाचला, आणि तू आमच्या देखत जन्मानं दारव्ह्याची झालीस.

हे सगळं ऐकून तुझ्या नातीने पत्रकाची घडी घातली. मग म्हणाली, “हाव? पुरा कापला?” मी म्हटलं, हो. पुरा.

मला खोटं लिहायची सवय आहे, अम्मी, खोटं बोलायची तेवढी नाही. फुलसावंगीला असताना पटावर पोरांची नावं घालायचे तेव्हा जन्मस्थळाचा रकाना मी कसा भरला हे माझं मला ठाऊक. तांड्यातली आईबाप ऊस तोडायला जिल्ह्याबाहेर जायची, पोर कुठल्या फडात झालं हे त्यांनाच नीट सांगता यायचं नाही. मी आपलं तांड्याचं नाव लिहून मोकळी व्हायची. सुट्टीत येऊन तुला हे सांगितलं तेव्हा वाटलं, तू रागवशील. तू म्हणालीस, “बरं केलं. लेकरू जिथं जेवते तिथंच जन्मलं म्हणून लिहाचं.” त्या दिवशी तू मला तुझ्या पेटीतलं निळ्या काठाचं ओढणीचं कापड दिलंस, दमणहून आणलेलं, कधी न वापरलेलं. मुकुटबनला बदली झाली तेव्हा पहिल्या दिवशी शाळेत मी तेच घेऊन गेले. अजून आहे, आता त्यात तुझ्या नातीची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं बांधून ठेवली आहेत.

पण तुला माहीत नसलेली एक गोष्ट आहे, आणि ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसले. तुझ्यामागून चार वर्षांनी अब्बा गेले. वर्कशॉप मोडायचं ठरलं तेव्हा पान्यांची पेटी मी मागून घेतली, विकू दिली नाही. ती घरी आणून रिकामी केली. सगळ्यात खाली, तेलकट फडक्याखाली, तुझा दाखला निघाला. पुरा. नाही कापला, अम्मी. एका कोपऱ्यात फक्त अर्धा गोल उमटलेला आहे, हातोडीचे चार ठोके लागले तेवढा. म्हणजे तू आत वळेपर्यंत त्यांनी खरंच तुझ्याच कागदावर ठोकलं, आणि तू दिसेनाशी झाल्यावर कागद काढून दुसरं काहीतरी ठेवलं. एखादी जुनी लग्नपत्रिका असेल, नाही तर खोक्याचा पुठ्ठा. आणि तो बैलावर जन्मलेला म्हातारा समोर बसून हे सगळं बघत होता, आणि जन्मभर आपल्याकडे पंप दुरुस्तीला येत राहिला, तुझ्या हातचा चहा प्यायला, पण चकार शब्द बोलला नाही. अब्बांनी ते का केलं, मला अजून ठरवता येत नाही. मिस्त्री माणूस काही फेकत नाही, एवढंच असेल. किंवा तुझ्यावर जीव होता म्हणून. किंवा उद्या तू पस्तावशील असा त्यांना संशय असेल. अब्बांबद्दलसुद्धा मी संशयाच्याच भाषेत विचार करते, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल.

तेव्हापासून तो कागद माझ्या सर्व्हिस बुकच्या फाइलमध्ये आहे, कपाटात वरच्या खणात, पेन्शनच्या कागदांच्या खाली. शिक्का आत राहील अशी घडी घालून मी ठेवते. वर्षातून एकदा काढून बघते, तुझी आठवण आली की. ते गिचमिड हातानं लिहिलेलं पोर्तुगीज मला अजिबात लागत नाही, पण तुझं नाव कुठे आहे ते मला आकारावरून ओळखू येतं. तर त्या संध्याकाळी मी तुझ्या नातीला सांगितलं ते खोटं होतं. आणि ते बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. मी स्वतःला सांगितलं, पोरीला वाचवते आहे. त्या पांढऱ्या बुटांच्या माणसापासून, तिकडच्या म्हाताऱ्यांच्या मलमूत्रापासून, इकडच्या कागद मागणाऱ्यांपासून. आणि तुझी इच्छा पाळते आहे, कारण तूच तर काप म्हणाली होतीस. किती कारणं होती माझ्याजवळ! मुलांनी गृहपाठ न करण्याची तीन-तीन कारणं दिली की मी म्हणायची, खरं कारण एकच असतं आणि ते या तिन्हींत आलेलं नाही. माझंही आलं नव्हतं. खरं कारण एवढंच, की ती गेली तर या घरात संध्याकाळी दार वाजणार नाही.

काल दुपारी ती ड्युटीवर असताना मी फाइल काढली. हयातीच्या दाखल्यासाठी एक कागद हवा होता, आणि हात आपसूक खाली गेला. तुझा दाखला जागेवर होता. पण घडी उलटी होती. शिक्का बाहेर. मी दोनदा बघितलं, चष्मा पुसून बघितलं. मी चौतीस वर्षं पोरांची दप्तरं तपासली आहेत, कोणती वस्तू कोणी हलवली ते मला सांगावं लागत नाही. पहिल्यांदा मला राग आला, की ही माझ्या कपाटात गेली! मग वाटलं, आता हिने फोटो काढून त्या माणसाला पाठवला असेल. रात्रीचं जेवण मी तिच्या तोंडाकडे बघत बघत केलं. ती नेहमीसारखीच वाढत होती, वरणात मीठ कमी आहे म्हणाली, कोणत्या तरी म्हाताऱ्या पेशंटची गोष्ट सांगून हसली. मी तिच्या हसण्यातही काही काळंबेरं शोधत राहिले.

आज सकाळी त्या माणसाचा फोन आला. आज तिची सुट्टी होती. तिने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि कणीक मळत राहिली. तो म्हणाला, फाइल बंद करायची वेळ आली, घरात परत एकदा नीट बघा, पेट्या बघा, जुनी कपाटं बघा. तुमच्यासारखी केस हातची घालवू नका. मी दारात उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, “पाहिलं भाईजान, सगळं पाहिलं. कागद नाही. आमच्या नानानं त्याचं पॅकिंग कापलं.” तो काहीतरी बोलत होता, ती म्हणाली, “नाही मंजे नाही. आता फोन नका करू.” आणि कणकेच्या हातानंच, करंगळीच्या टोकानं, तिने फोन बंद केला.

मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, अम्मी. पांढऱ्या बुटांवर घेतला, लिस्बनवर घेतला, शिपायाच्या वहीवर, तुझ्या नवऱ्याच्या हातोडीवर, माझ्या पोटच्या पोरीवर तर काल रात्रभर. आणि या घरात कागद लपवून बसलेली बाई एकच होती. पोरीला ठाऊक होतं की कागद आहे. ठाऊक असून तिने माझं खोटं स्वतःच्या तोंडानं म्हटलं, शब्द न शब्द, जसं मी सांगितलं तसं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पुढे होऊन फोन परत लाव म्हणायला हवं होतं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. तिने हात धुतले, ओढणीला नाही, नीट टॉवेलला पुसले, आणि विचारलं, “मम्मी, च्या ठेवू काय?” मी म्हटलं, ठेव. साखर कमी टाक.

ती आता मैत्रिणीकडे गेली आहे, जेवायला येईल. मी हे सगळं शाळेतल्या जुन्या वहीची पानं फाडून लिहिलं, तुझ्या नावानं. पाठवायचा प्रश्न नाही. ही पानं मी त्या फाइलमध्ये, तुझ्या दाखल्याच्या घडीत ठेवते आहे, शिक्का बाहेर राहील अशी. ती कधीतरी तिथे परत हात घालेल. त्या माणसाचा नंबर तिच्या फोनमध्ये आहेच, पत्रकही मी टाकलं नाही, तेही सोबत ठेवते. जायचं की नाही ते तिने ठरवावं. तुला मराठी वाचता येत नव्हतं, अम्मी. तिला येतं. एवढं सगळं तुला लिहिलं, कारण तिच्या तोंडावर दोन वाक्यं बोलायची माझी हिंमत झाली नाही.